जातो म्हणणारा पाटील

जात्याचा वरचा दगड दुपट्ट्यात बांधून, खांद्यावर टाकून पाटील यायचे. वनखात्याच्या रेंज ऑफिसच्या ओसरीवर, माझ्या टेबलापासून चार हातांवर, तो हलकेच खाली ठेवायचे. मग गाठ सोडून त्याच दुपट्ट्यानं मान पुसायचे आणि म्हणायचे, "चाललो, बाबू."

"कुठं चालले, भाऊ?"

"जिकडं पाय नेतीन तिकडं. गाव उठलं आमचं."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी खुर्चीतून उभाच राहिलो होतो. वर्धेकडून बदली होऊन कारकून म्हणून नुकता आलो होतो. जंगलातलं एकच सूत्र तोवर मला कोणी तरी शिकवलं होतं, की वनग्रामातली माणसं टिकली पाहिजेत. वनग्राम म्हणजे राखीव जंगलाच्या पोटात वसलेलं गाव. जमीन सरकारची, घरं त्यांची. त्यांनी बांबू तोडायचा, रस्ते साफ करायचे, उन्हाळ्यात वणवा लागला की ओल्या फांद्या घेऊन धावायचं, आणि त्याबदल्यात तिथं धान पेरून राहायचं. ती माणसं निघून गेली तर ही कामं करायला काय अस्वलं येणार होती? मी धावत आत गेलो. आमचे म्हातारे रेंजरसाहेब दाढी करत होते. आरशातून न हलता त्यांनी विचारलं, "दगड आणला आहे का?"

"हो."

"मग चहा सांग," ते म्हणाले आणि दुसऱ्या गालाला साबण लावू लागले.

हा काळ पन्नास सालानंतरचा. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांद्याचाच. आमचं ऑफिस अहेरीपासून एका दिवसाच्या वाटेवर होतं. जमीनदारी नुकतीच गेली होती आणि जमीनदाराचं जंगल सरकारचं झालं होतं. जंगलातल्या माणसांना त्यात एवढाच फरक जाणवला की आधी कोंबडी जमीनदाराचा माणूस न्यायचा, आता गार्ड नेऊ लागला. पाटलांचे आजे जमीनदाराच्या दारात असाच दगड घेऊन जात. रयत उठून गेली की जमीनदाराचं रान ओस पडायचं, म्हणून तोही ऐकून घ्यायचा. तिकडं जातं हललं म्हणजे घर हललं, असं सगळेच समजत.

तिसऱ्या वर्षी माझी भीड चेपली. मी विचारलं, "भाऊ, जात्याला दोन दगड असतात. खालचा कुठं आहे?"

त्यांनी माझ्याकडं कीव आल्यासारखं पाहिलं. "दोन्ही आनले तं मंग जावाच लागते ना, बाबू!"

मग आम्ही दोघंही बराच वेळ हसलो. पण साहेब बाहेर आले तेव्हा पाटलांचा चेहरा पुन्हा असा पडला की मलाही क्षणभर वाटलं, हे लोक आता खरंच जातात. मागणं दरवर्षी वेगळं असे. कधी गार्डाच्या कोंबड्या, कधी गावच्या तळ्याच्या पाळीवर टाकायला मुरूम, कधी ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत रस्त्याचं काम नको म्हणून. साहेब ओरडायचे, ते मान खाली घालायचे, चहा यायचा आणि मागितलेल्यातलं निम्मंअधिक मिळायचं. येताना एकट्यानं सहा मैल आणलेला दगड परत नेताना मात्र त्यांना एकट्यानं उचलवत नसे. "जरा हात लावा, बाबू," म्हणायचे. मी हात लावायचो.

तुम्हीही आयुष्यात धमक्या देणारी माणसं पाहिली असतील. मी तर सरकारी नोकरीत होतो, मला वरून आणि खालून दोन्हीकडून ऐकाव्या लागल्या. पण हे काम इतकं मन लावून, इतक्या सौजन्यानं करणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. त्यांचे त्याबाबतीतले नियम होते आणि चहा पिताना ते मला सांगायचे, एखाद्या सुताराने पोराला रंधा कसा धरायचा ते सांगावं तसे.

"रागात कधी येऊ नये. पयले जेवावं, मंग धमकी द्याले निघावं. उपाशी मानूस खरं बोलून जाते."

"समोरच्याले मांग सराले जागा ठेवावं. भिंतीले टेकला का मांजरबी अंगावर येते."

आणि तिसरा नियम सांगताना ते बोट वर करायचे. "दिवस कधी सांगू नये, बाबू. जातो म्हनावं. कधी जातो, ते म्हनू नये."

दुसऱ्यांच्या धमक्याही ते पारखून घ्यायचे. पहिल्या निवडणुकीत एका उमेदवाराचा माणूस गावात येऊन म्हणाला, मतं दिली नाहीत तर रस्ता होणार नाही. पाटलांना ते इतकं हिणकस वाटलं की आठवडाभर ते त्याच्यावरच बोलत होते. "रस्ता हायेच कुठी? जे नाईच ते हिसकून नेतो म्हनते. ह्याले धमकी म्हनत नाई, बाबू. हा पोरखेळ हाय." बांबूच्या ठेकेदारानंही एकदा दम भरला, की तुम्ही नखरे केलेत तर मी बाहेरून मजूर आणीन. त्याच्याबद्दल त्यांचं मत जरा बरं होतं. "पयल्यानं बोलला तवा मी भेलो. मंग थो दुसऱ्यानं बोलला. मी समजलो, ह्याच्यापाशी मानसं नाईत." ठेकेदारानं माणसं आणली नाहीत. हिवतापाच्या त्या रानात बाहेरचा कोण येणार होता?

आमच्याकडं नागपूरचं वर्तमानपत्र यायचं, टपालाच्या लॉरीबरोबर, चार दिवसांचं शिळं होऊन. त्यात तेव्हा रोज एकच बातमी असायची. दोन मोठी राष्ट्रं एकमेकांना अणुबॉम्बचा धाक घालत होती. पाटलांना वाचता येत नव्हतं, पण आले की विचारायचे, "त्या दोघाईचं काय झालं?"

"तसंच चाललंय."

"टाकला का बाम?"

"नाही."

"दोघाईनंबी?"

"नाही टाकला, भाऊ."

"शहाने हायेत," ते मान डोलवायचे. "टाकला का झालं ना. मंग समोरच्याले काय दाखवतीन?"

मला तेव्हा हे फार गमतीचं वाटायचं. ऑफिसातल्या लोकांना त्यांची नक्कल करून दाखवायचो. आज सांगताना लाज वाटते, पण करायचो खरा.

आता त्यांच्या बोडीबद्दल सांगतो, कारण सगळं तिच्यावरूनच झालं. बोडी म्हणजे लहान तळं. त्यांच्या आज्यापणज्यांनी डोक्यावर माती वाहून नाल्याला पाळ घातली होती आणि ते पाणी त्यांच्या धानाला आणि खालच्या अंगाच्या आणखी एका गावाला मिळत होतं. गावात वीसेक घरं, निम्मी मासे धरणाऱ्यांची, निम्मी शेती करणाऱ्यांची. पण बोडीतले मासे सगळ्यांचे. वर्षभर कोणी जाळं टाकायचं नाही. उन्हाळ्यात पाणी गुडघ्याशी आलं की एका सकाळी सगळं गाव एकदम पाण्यात उतरायचं. जे मिळेल त्याचे घरागणिक वाटे पडायचे. ज्या घरात धरणारं कोणी नाही, एखादी विधवा बाई एकटी आहे, तिचा वाटा पहिला काढून ठेवायचा. मी दोनदा त्या सकाळी तिथं होतो. मलाही पानावर चार मासे ठेवून दिले होते.

म्हातारे साहेब पेन्शनीत गेले आणि नवे साहेब आले. वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगतो. तरुण, डेहराडूनला शिकून आलेला, लाच न घेणारा. पहिल्याच महिन्यात त्यांनी कोंबड्या नेणाऱ्या गार्डाची बदली करून टाकली. तोच वरून हुकूम आला, की राखीव जंगलातल्या तळ्यांतले मासे यापुढं लिलावानं द्यावेत. साहेब हुकूम पाळणारे होते. त्यांनी लिलावाची नोटीस गावात लावली.

पाटील दगड घेऊन आले. त्या दिवशी मात्र त्यांनी ओसरीवर ठेवल्यावर घाम पुसला नाही. "बाबू, ह्या येळेस मले निम्मं नको. बोडी पुरी पायजे," ते मला हळूच म्हणाले. मी म्हटलं, "साहेब नवे आहेत, पण चांगले आहेत. बोला."

साहेब तेव्हा बाहेरगावी निघाले होते. त्यांनी पाटलांना पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं आणि जीपमध्ये बसता बसता मला म्हणाले, "या गावाचा पूर्वेतिहास काय आहे? खरंच निघून जातात का हे लोक? मला टिपण हवं."

मी टिपण केलं. जुने कागद काढले, तारखा पाहिल्या आणि अर्ध्या पानात, सुवाच्य अक्षरात लिहून काढलं, की हे लोक साधारण दरवर्षी गाव सोडण्याची भाषा करतात, मागणीपैकी काही मंजूर होताच परत जातात, आणि आजवर एकदाही त्यांनी गाव सोडलेलं नाही. वर हेही लिहिलं की पाटील जात्याचा फक्त वरचा दगड आणतात. ते वाक्य मला स्वतःला फार आवडलं होतं. साहेबांनी वाचलं, हसले आणि म्हणाले, "शाब्बास." त्या एका शब्दानं मी आठ दिवस हवेत होतो.

पुढच्या आठवड्यात साहेब खुर्ची ओढून ओसरीवरच बसले. आवाज चढवला नाही, चहाही सांगितला नाही.

"पाटील, तुम्ही जाणार म्हणता?"

"जावा लागते, साहेब."

"ठीक आहे. कोणत्या तारखेला? मला वर कळवायला हवं."

ओसरीवर गार्ड होते, ठेकेदाराचा मुनीम होता, पाटलांच्या गावची आठ-दहा माणसंही होती. सगळे त्यांच्याकडं पाहू लागले. पाटलांनी दगडाकडं पाहिलं आणि मग माझ्याकडं. मी टेबलावरच्या दौतीत टाक बुडवत होतो, जरूर नसताना.

"अक्तीच्या आंधी," ते म्हणाले.

अक्ती म्हणजे अक्षय तृतीया. तिकडं शेतीचं नवं साल अक्तीला सुरू होतं, साल धरायचं की सोडायचं ते त्या दिवशी ठरतं. महिनाही राहिला नव्हता. साहेबांनी मला सांगितलं, "लिहा." मी लिहिलं.

त्या दिवशी दगड उचलू लागायला मी आपणहून गेलो. ऑफिससमोरच्या मोहाखाली ते थांबले होते. काही तरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "भाऊ, साहेब तरुण आहेत. तुम्ही गेला नाहीत तरी काही म्हणणार नाहीत."

"मालूम हाय. हासतीन फक्त."

"मग हसू द्या की."

मोहाची फुलं गळत होती, एक त्यांच्या पागोट्यावर पडलं होतं.

"बाबू, अशे गाव किती हायेत ह्या रेंजात?"

"बारा."

"बाराही गावाजवर दुसरं काय हाय? ना बंदूक, ना वकील. जातो म्हनाचं, एवढंच हाय. आज आमी राह्यलो तं आमची बोडी जाईन ते जाईन, पन उद्या दुसरा पाटील इथी येऊन जातो म्हनन, तं साहेब त्यालेबी तारीख इचारन. मंग त्याच्या बायकोनं गार्डाले कोंबडी देल्लीच पायजे."

"म्हणून तुम्ही जाणार? दुसऱ्या गावांसाठी?"

"खुशीनं नाई चाललो. बोलून बसलो ना." मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, "दगडाचं तुमीच लिवलं असन."

मी हो म्हणालो. खोटं बोलायचं बळ नव्हतं.

"खरंच लिवलं," ते म्हणाले. "खरं लिवाची नौकरी हाय तुमची. जरा हात लावा."

अक्तीच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला गावात पाठवलं. त्यांची खात्री होती की कोणी जात नाही, फक्त तसा लेखी अहवाल हवा होता. मी पोचलो तेव्हा बैलबंड्या भरून झाल्या होत्या. रडारड मुळीच नव्हती. माणसं बाजाराला निघाल्यासारखी दोऱ्या आवळत होती. पाटलांची बायको मला पाहून म्हणाली, "या बाबू. जलमभर जातो-जातो म्हनून राह्यले होते, आता म्या म्हटलं एकडाव तं चला, तुमचा नवस फिटू द्या." सगळ्यांना हसू आलं. पाटीलही हसले.

मग ती हसणं सोडून त्यांना म्हणाली, "मासे तं धरू द्या लोकाईले. कोनासाठी ठेवता?"

बोडीत पाणी गुडघ्याइतकंच होतं. धरण्याची वेळ झालीच होती, पोरं काठावर टोपल्या घेऊन बसली होती.

"नाई," पाटील म्हणाले.

"काऊन नाई?"

"आपुन परत आलो तं?"

पोरं काठावरून उठून बंड्यांकडं आली आणि बंड्या निघाल्या. मी त्या वाटेला पाठ करून ऑफिसकडं निघालो. तो सहा मैलांचा रस्ता मी कसा चाललो ते मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी अहवाल लिहायला बसलो. "गाव उठले" एवढे दोनच शब्द लिहिले.

साहेबांनी ते दोन शब्द दोनदा वाचले. "खरंच?" म्हणाले. तोंड पांढरं पडलं होतं. मला तेव्हा त्यांचीही दया आली. पुस्तकात शिकवलेलं नव्हतं त्यांना हे, आणि ज्यानं शिकवायचं त्या कारकुनानं टिपण लिहिलं होतं.

पंधरा दिवसांत त्या बाजूला वणवा लागला. विझवायला धावणारं गाव तिथं नव्हतं. इतर गावांची माणसं पोचेपर्यंत सागाचा चांगला मोठा तुकडा जळून गेला होता. वरून खुलासे मागणारी पत्रं येऊ लागली. खुलासे मीच लिहायचो. वरच्यांच्या पत्रांतही धमक्याच असायच्या, पण त्यांना आम्ही स्मरणपत्रं म्हणतो. लिलाव झालाच नाही. माणसं नसलेल्या रानातली बोडी कोणता ठेकेदार घेणार? पावसाळाभर साहेब वरच्यांशी भांडत राहिले आणि शेवटी हुकूम फिरवून घेतला. दिवाळीच्या सुमारास त्यांनी स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं, की गावानं परत यावं, बोडीतले मासे पूर्वीप्रमाणे गावाचेच राहतील. ते घेऊन त्यांनी मला पाठवलं.

ती माणसं नदीपलीकडं, तेलुगू मुलखात, एका मोठ्या जमीनमालकाच्या तळ्यावर मजुरीनं जाळी ओढत होती. अहेरीच्या बाजारात चौकशी केली तेव्हा पत्ता लागला. डोंग्यातून पलीकडं गेलो. पाटील तळ्याच्या काठावर दुसऱ्याचं जाळं विणत बसले होते. वाळले होते. खोकत होते. मला पाहून लगबगीनं उठले आणि बसायला स्वतःचं पोतं दिलं.

मी पत्र वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. भोवती गावची माणसं जमली होती, त्यांच्याकडं पाहून ते म्हणाले, "पाह्यलं? साहेबानं सोताच्या हातानं लिवलं." बायकोला हाक मारून तिसऱ्यांदा वाचायला लावलं. "पुरी बोडी," ते म्हणाले. "निम्मी नाई. पुरी."

आणि मला पुढचं सांगायचं होतं. साहेबांना ते ठाऊक होतं, पण पत्रात लिहवलं नव्हतं. ते माझ्यावर सोपवलं होतं. मी म्हटलं, "भाऊ, बोडी राहिली नाही. श्रावणात पाळ फुटली."

त्यांचे हात जाळ्यातच होते.

"कोनत्या बाजूनं?"

"सांडव्याच्या अंगाला. जिथं जुनी चिंच आहे तिथं."

"चिंचेजवर. हो." त्यांनी मान हलवली, जणू घरच्या आजारी माणसाचं दुखणं ओळखीचं निघालं. "तिथी मुंग्याईचं वारूळ हाय आतून. दर जेठात चार बंड्या माती टाकून तुडवा लागते. यंदा कोन टाकन?" मग विचारलं, "मासे?"

"पाण्याबरोबर गेले. खालच्या शेतांत पसरले होते. त्या गावच्या लोकांनी धरले."

"मंग ठीक हाय. कोनी तं खाल्ले."

आतापर्यंत जमून उभी असलेली माणसं एकेक करून आपापल्या कामाला गेली. मी तिथंच बसून होतो. म्हटलं, "भाऊ, दरवर्षी माती टाकावी लागते हे मला माहीत असतं तर मी टिपणात लिहिलं असतं. साहेबांना कळलं असतं तुम्ही गेल्यावर काय होईल ते."

"दरसाल मुरूम मांगाले येत होतो ना, बाबू," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, फक्त थकवा होता. "तुमाले वाटे हा नुसता भेव दाखवते."

मला तेव्हा रडू आलं. त्यांच्यासमोर आलं, मी लपवलं नाही. त्यांनी जाळं बाजूला ठेवून मला पाणी आणून दिलं.

ते परत आले नाहीत. पाळ पुन्हा बांधायला शंभर माणसांचा उन्हाळा लागला असता आणि वरून मंजुरी मिळाली नाही. साहेबांनी तीनदा लिहून पाहिलं. बोडीशिवाय त्या जमिनीत धान होत नव्हतं, मग येऊन करायचं काय? दुसऱ्या वर्षी त्या बोडीच्या तळाशी सागाची रोपं लावली.

त्याच्या पुढच्या पौषात डोंगेवाल्यानं निरोप आणला, की पाटील गेले. खोकल्यानं गेले म्हणाला. मी साहेबांना सांगितलं. त्यांनी फाइल मिटली आणि खिडकीबाहेर बघत बसले.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका वनग्रामाचा पाटील ऑफिसात आला. तरुण, बुजरा माणूस. कधी साहेबांसमोर उभा राहिलेला नव्हता. दारातूनच म्हणाला, की विहिरीला लाकूड मिळत नसेल तर आमचं गाव जाते. नीट म्हणताही येत नव्हतं त्याला. पण साहेब खुर्चीतून उठले. "बसा पाटील, बसा," म्हणाले, त्याला चहा दिला आणि पाव तासात लाकडाचा हुकूम करून मला परवाना लिहायला सांगितला.

तो माझ्या टेबलाशी आला तेव्हा त्याचा चेहरा नुसता फुलला होता. वाकून, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाला, "पाह्यलं का, बाबू? साहेब मले भेले!"

परवान्याचा कागद माझ्यासमोर होता. काय सांगायचं होतं त्याला? त्याचं गाव जागेवर होतं, त्याची बायकापोरं घरी होती आणि त्याला विहीर बांधायची होती.

"हो भाऊ," मी म्हणालो, "भेले." आणि परवाना लिहून सहीसाठी आत घेऊन गेलो.